चौकोन दाखवणारी सिस्टीम

नाही हो, चांगलीच आहे सिस्टीम! मी कुठं वाईट म्हणतोय? गेली चार वर्षं मी तेच ऐकतोय. ज्याच्या दारात गेलो त्यानं पहिलं वाक्य हेच टाकलं, 'काका, सिस्टीम चांगली आहे, तुमचंच काहीतरी चुकतंय.' आता मला सांगा, चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेल्या माणसाला हे वाक्य काय नवीन आहे? आम्हीच लोकांना हे सांगत होतो की! शेतकरी अर्ज घेऊन आला, की अर्जाकडे न बघता म्हणायचं, 'खातं चांगलं आहे, तुमच्या अर्जातच काहीतरी चुकलंय.' चौतीस वर्षं मी खिडकीच्या आत होतो, आता बाहेर आलोय. एवढाच फरक!

तुम्ही विचाराल, निवृत्तीनंतर माणसानं बागेत फिरावं, पेपर वाचावा, हे कॉम्प्युटरचं खूळ कशाला? अहो, मला कुठं हौस होती? आक्कासाठी! आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पेठ वडगावला मुलाकडे असते. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पंचावन्नाव्या वर्षी गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, तिथं जाऊन वाचायला शिकली, आणि शिकली ती अशी की दुकानाची पाटी, औषधाची चिठ्ठी, साखरेच्या पुडीचा कागद, काही सोडायची नाही. आमच्या घरात एकवेळ माणूस न वाचता राहील, कागद राहायचा नाही. आणि दोन हजार तीन साली, मी निवृत्त झालो त्याच वर्षी, डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती औषधानं टिकेल तेवढी टिकेल.

मला निरोप आला. गेलो. तर ही बाजेवर बसून काय म्हणते? 'गुंड्या, तू म्हणं पुस्तक ल्हितुयास. लवकर ल्ही बाबा. माझं डोळं हायत तवर माझ्या डोळ्यानं वाचाय पायजे मला. दुसऱ्यानं वाचून दावल्यालं न्हाय चालायचं.' एका वरिष्ठ लिपिकाला चारचौघांत गुंड्या म्हणणारी जगात एकच व्यक्ती उरली आहे, तेव्हा तिचा शब्द म्हणजे शासन निर्णय.

पुस्तक तसं लिहून तयारच होतं. 'माझी सेवेतील वाटचाल'. फुलस्केप कागदावर पन्नास पानं, समास सोडून, खाडाखोड नाही. अक्षर म्हणाल तर बारीक, कारकुनी, एका ओळीत दोन ओळींचा मजकूर बसवणारं. ते आक्काला काचबिंदूतून काय दिसणार? तिला मोठ्ठी छापील अक्षरं हवीत. म्हणून प्रेसवाल्या कृष्णातकडे गेलो, तर तो कागदांना हातच लावेना! 'साहेब, हातानं ल्हिल्यालं आता कोण घेत न्हाय. कॉम्प्युटरवर टाईप करून आणा.' झालं! तिथून सुरू झालं.

माझा मुलगा नागसेन पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यानं त्याचा जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यात विंडोज अठ्ठ्याण्णव. मराठी अक्षरांची सीडी घातली, कळफलकाचा तक्ता भिंतीवर चिकटवला, आणि म्हणाला, 'बाबा, काही घाबरायचं नाही, सिस्टीम चांगली आहे.' आणि गेला पुण्याला! मी टाईप करायला बसलो. अर्धं पान झालं नाही तोच समोर पाटी आली, की या प्रोग्रॅमनं बेकायदेशीर कृत्य केलं आहे, तो बंद करण्यात येईल. बेकायदेशीर! अहो, चौतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक ताशेरा नाही, आणि घरात, बनियनवर बसलेलो असताना बेकायदेशीर कृत्य? मी उठून शर्ट घातला. खरं सांगतो.

आणि ती वीज! त्या वर्षांत भारनियमन काय होतं आठवतंय ना? टाईप करतोय, करतोय... गेली. आली की कॉम्प्युटर सुरू होताना निळ्या पडद्यावर लिहून देणार, की मागच्या वेळी आपण मला रीतसर बंद केले नाही, पुन्हा हा संदेश नको असल्यास रीतसर बंद करत जा. म्हणजे वीज घालवणार मंडळ आणि कारणे दाखवा नोटीस मला! बरं, रीतसर बंद केला, की शेवटी भगव्या अक्षरांत काय दाखवायचा? आता संगणक बंद करण्यास हरकत नाही. ना हरकत प्रमाणपत्र! मला एकदम कचेरीत बसल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोला, त्या सिस्टीमशी माझं जमलं. दीड वर्षात सगळं पुस्तक, मोठ्या अक्षरांत, एकशे बेचाळीस पानं टाईप केलं.

फक्त एका गोष्टीवर आमचं वाजलं. नावावर. मी रोजचं काम रोज वेगळं ठेवायचो, आणि त्याला नाव द्यायचो जावक क्रमांकाचं. एक, मग तिरकी रेघ, मग दोन हजार तीन. तर म्हणतो, नावात तिरकी रेघ चालणार नाही. अहो, तिरक्या रेघेशिवाय जावक क्रमांक? ब्रिटिशांपासून चालत आलेली रेघ! नागसेनला फोन केला. तो म्हणाला, 'बाबा, आडवी द्या.' चौतीस वर्षं सेवा केलेला माणूस एका रेघेसाठी आडवा झाला. दिली आडवी.

एकशे बेचाळीस पानं सीडीवर घेतली आणि राजारामपुरीत बाळासोच्या नेट कॅफेत गेलो, छापून घ्यायला. त्याच्याकडे एक्सपी. काय देखणी सिस्टीम! हिरवीगार टेकडी, निळं आभाळ, वर पांढरे ढग. मी म्हटलं वा, पन्हाळ्याच्या वाटेवरच आलो. बाळासोनं सीडी घातली, फाईल उघडली, आणि... काय सांगू तुम्हाला! एक अक्षर मराठी नाही! टोप्या घातलेले ए, शेपटी फुटलेले सी, डोक्यावर दोन टिंबं असलेले यू, मधेच उलटं प्रश्नचिन्ह! माझी अख्खी गारगोटीतली सेवा, सोळा वर्षं, टोप्या घालून रांगेत उभी!

'बाळासो, हे काय रे?'

'काका, सिस्टीम चांगली हाय. तुमचंच कायतरी चुकलंय. फॉन्ट आणलाय न्हवं?'

'फॉन्ट म्हणजे?'

'म्हंजे अक्षरं ओ!'

'अक्षरं आतच आहेत की! दीड वर्ष घातलीयत.'

'आत अक्षरं न्हाईत काका. आत नुसतं नंबर असत्यात. अक्षरं तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरात ऱ्हायली.'

ऐका म्हणजे! दीड वर्ष मी मराठी लिहीत नव्हतोच. मी नंबर लिहीत होतो, आणि घरचा कॉम्प्युटर माझं मन राखायला ते मराठी दाखवत होता. मग घरी जा, अक्षरांची सीडी शोधा, परत या. घातली. आता मराठी दिसलं, पण सगळे जोडाक्षरांचे पाय मोडलेले. 'कार्यकारी अभियंता' उघडला, तर साहेब लंगडत आले. मी म्हटलं, बाळासो, हे आक्काला कसं देऊ? तिचे डोळे अधू, त्यात अक्षरं अधू! बाळासो म्हणतो, 'देखणी सिस्टीम हाय काका, हिला नाजूक हातानं वापराय लागतंय.' वापरली नाजूक हातानं. महिनाभर. नाही सुधारली.

तेव्हा कृष्णात म्हणाला, साहेब, तुम्ही माझ्या मॅकवर या. आता हा मॅक म्हणजे प्रेसच्या आतल्या खोलीत, काचेच्या दाराआड, थंड हवेत ठेवलेला. चपला बाहेर. कृष्णात स्वतः एरवी शाईचे हात पँटला पुसणारा माणूस, पण मॅकला हात लावायच्या आधी साबणानं हात धुणार. 'साहेब, विंडोज म्हंजे वडाप. कुठंबी थांबतंय, कुणालाबी घेतंय. ही आलिशान गाडी हाय.' उंदीर बघितला, तर त्याला बटण एकच. मी विचारलं, दुसरं तुटलं का? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याच्या कुलदैवताला एक डोळा कमी आहे म्हटलं!

पण तुम्हाला सांगतो, पहिलं प्रकरण मी तिथं नव्यानं टाईप केलं, नाव द्यायची वेळ आली, आणि सहज बोटानं तिरकी रेघ दिली... घेतली! मॅकनं तिरकी रेघ घेतली हो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जगात एक सिस्टीम आहे जिला जावक क्रमांक कळतो. त्या आनंदात मी रोज प्रेसवर जाऊन, हात धुऊन, अठ्ठावीस फायली केल्या, रेघा मारमारून. आणि मग कृष्णातला लग्नसराईची पत्रिकांची कामं आली. तो म्हणाला, 'साहेब, वैशाखापर्यंत मॅक मोकळा न्हाय, सीडी घेऊन जावा आणि ऱ्हायलेलं घरी करा.' घरी येऊन सीडी घातली. अठ्ठ्याण्णव म्हणतो, हे काय आहे मला माहीत नाही, कशानं उघडू तुम्हीच सांगा. मी काय सांगणार? आणि माझ्या रेघेच्या जागी भलतंच चिन्ह बसवलेलं. कृष्णातला फोन केला. 'साहेब, मॅक चांगलाच हाय की. तुमचंच कायतरी चुकलं. नावात रेघ कोण देतंय?'

इकडे आक्काचे निरोप. दर पंधरा दिवसांनी फोन. 'गुंड्या, झालं का पुस्तक?' 'होतंय आक्का.' 'डाव्या डोळ्यानं आता कडंचं दिसत न्हाय. मधलंच दिसतंय.' 'होतंय आक्का, सिस्टीमचं जरा...' 'कुणाचं?' 'सिस्टीमचं.' 'मग तिच्या घरी जाऊन बस की! फोनवर कशाला भागवतुयास?' आता तिला काय सांगू? तिच्या घरी जाऊन बसण्यातच तर दोन वर्षं गेली! तिसरं घर बदलत होतो.

चौथी नागसेननं आणली. लिनक्स. हा मुलगा दिवाळीला आला तो अंगात आल्यासारखा. 'बाबा, ते सगळं सोडा. ही सिस्टीम कुणाच्या मालकीची नाही. जगभरातल्या लोकांनी मिळून केलीय. कुणीही घ्यावी, कुणीही सुधारावी. आपल्या वारणेच्या दूध संघासारखं. प्रत्येकानं आपापल्या घरचं दूध घालायचं.' मी म्हटलं, सहकारी आहे होय? मग चेअरमन कोण? म्हणाला, तसा कोणी नाही. संचालक मंडळ? नाही. बरं, मला तक्रार द्यायची झाली तर अर्ज कुणाच्या नावे करायचा? तर म्हणतो, 'तक्रार नाही करायची बाबा, दुरुस्ती करायची आणि सगळ्यांना द्यायची.' मला दुरुस्ती करता आली असती, तर मी खात्यात कशाला राहिलो असतो!

पण मुलगा हुशार. त्यानं स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. म्हणाला, 'ह्यात तुमचे जुने नंबर घातले, की बाहेर खरी मराठी येते. युनिकोड. हे मराठी कुठंही गेलं तरी मराठीच राहतं.' घातलं. आणि काय सांगू, आली हो! एकशे बेचाळीस पानं, जोडाक्षरांचे पाय धड, कार्यकारी अभियंता ताठ उभे. अक्षरंही मी ठेवली होती तशीच मोठ्ठी, तूरडाळीएवढी. सीडी हातात दिली. 'बाबा, उद्या कुठंही छापून घ्या आणि आत्याला द्या. आता काही होत नाही.' पुण्याला गेला. कुठंही, म्हणाला. मला दोष देऊ नका. तो कुठंही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या दुकानात गेलो. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, कॉम्प्युटर प्रिंट. तिथल्या बाईंना सीडी दिली. तिकडे वडगावची गाडी लागलेली, कंडक्टर ओरडतोय. म्हटलं, बाई, छापा आणि पाकिटात घाला, मोठं पाकीट, वर मीच नाव घालतो. मी पाकीट घेतलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रति, आक्का, मु. पो. पेठ वडगाव'. बाईंनी एकेका गठ्ठ्यानं कागद आत सरकवले, डिंक लावला, चिकटवलं. पळत गाडी पकडली.

आता तुम्ही म्हणाल, गाडीत उघडून बघायचं की हो एकदा! कसं बघणार? पाकिटावर दुसऱ्याचं नाव आहे! चौतीस वर्षं टपाल हाताळलं, ज्याच्या नावचं पाकीट त्यानंच फोडायचं. मीच नाव घातलं होतं हे खरं, पण एकदा नाव घातलं की ते माझं राहिलं नाही. अठरा किलोमीटर ते मांडीवर धरून बसलो. फोडलं नाही.

आक्काच्या अंगणात पोचलो. सूनबाई रूपालीनं बाजेवर गोधडी टाकली. शेजारच्या चारपाच बायका आल्या, कारण आक्कानं गल्लीत सांगून ठेवलेलं, भावाचं पुस्तक मी माझ्या डोळ्यानं वाचणार हाय. आक्कानं चष्मा पुसला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे एकदा बघितलं. पाकीट फोडलं. पहिला कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग परत जवळ.  मी तिच्यासमोर पाटावर, मला कागदाची पाठच दिसतेय.  आणि मग तिनं खाकरून सुरुवात केली.

'माझं नाव गुंडू. मी ल्हानपणी लई रडका हुतो.'

मी दचकलो. माझी सुरुवात अशी नव्हती. माझी सुरुवात होती, 'दिनांक एक जून एकोणीसशे एकोणसत्तर रोजी मध्यान्हपूर्व मी पदभार स्वीकारला.' पण आक्का वाचत होती, ठणठणीत आवाजात.

'शाळंला जायचं म्हटलं की मी खांबाला मिठी मारायचो. मग माझी आक्का मला कडंवर घ्यायची आणि शाळंत नेऊन सोडायची. आक्काला आत घेत न्हवतं, कारण घरातलं एकच पोर शिकवायचं ठरल्यालं. ती खिडकीच्या भाईर शेण्या लावायची. मास्तर आत पाढं म्हणायचं, ती भाईर म्हणायची. एक दिस मला साताचा पाढा ईना. सात पाचं म्हटलं आणि अडकलो. मास्तरनं छडी उचलली, तर आक्कानं शेणाच्या हातासकट खिडकीतनं तोंड आत घातलं आणि सत्तरापर्यंत म्हणून दावला. मास्तर म्हणालं, तू कोण गं? आक्का म्हणाली, मी भाईरची.'

एक बाई डोळ्याला पदर लावायला लागली. मी म्हटलं, अरे, हे मी कधी लिहिलं? ... आणि तुम्हाला हसू येईल, पण मला खरंच काय वाटलं सांगू? मला वाटलं, नागसेनच्या प्रोग्रॅमनं केलं! जुने नंबर घातले की बाहेर खरं येतं म्हणाला होता ना? वा! फुकटची सिस्टीम आणि भाषेत एवढी सुधारणा! चेअरमन नसताना!

आक्का पान उलटून पुढं, 'मास्तरनं मला पास केलं आणि आक्काला हाकललं. मी घरी जाऊन सांगितलं, पाढा मला येत हुता. पन्नास वर्सं झाली, मी ते कुणाला कबूल केलं न्हाय. आता म्हातारपणी ह्या पुस्तकात कबूल करतो.'

अंगणातल्या सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. काय करणार? छापील होतं!

तेवढ्यात रूपाली चहा घेऊन आली, म्हणून मी कप घ्यायला उठलो आणि सहज आक्काच्या खांद्यावरून वाकलो. कागदावर... तुम्हाला सांगतो, कागदावर चौकोन! नुसते चौकोन! वरपासून खालपर्यंत, एका ओळीत तीस, रिकामे, काळ्या कडेचे, तूरडाळीएवढे चौकोन! आणि आक्का त्यांच्यावरून बोट फिरवत, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत, शांतपणे वाचतेय!

आता बोला. काय करायचं माणसानं? कागद चुकलाय म्हणावं, तर सगळ्या गल्लीदेखत आक्का खोटं वाचत होती असं होतं. गप्प बसावं, तर तिला वाटणार आपली नजर गेली. चौतीस वर्षांत असं प्रकरण टेबलावर आलं नव्हतं. मी खाली बसलो. चहा प्यायलो. तिनं तासभर वाचलं. मी नापास झालेलो, मी पळून गेलेलो, मी तिची चप्पल हरवलेली, सगळं मी कबूल केलं, एकशे बेचाळीस पानांत. आणि काय सांगू... माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं मी.

बायका गेल्या. आक्कानं कागद नीट जुळवले. माझा हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच म्हणाली, 'गुंड्या, कुणाला सांगू नगंस. माझं डोळं गेलं रं. सगळं चौकोन-चौकोन दिसतंय.'

मला हसू आवरेना आणि रडूही. म्हटलं, 'आक्का, चौकोनच आहेत!'

'म्हंजे?'

'कागदावर चौकोनच छापलेत. दुकानातल्या कॉम्प्युटरला हे नवं मराठी ओळखता आलं नाही. त्याला जे कळत नाही तिथं तो चौकोन टाकतो. तुझे डोळे चांगले आहेत. तुला अगदी बरोबर दिसलं!'

 तिनं कागद परत उघडला, चष्मा सारखा केला, आणि एक-दोन-तीन करत पहिल्या ओळीतले चौकोन बोटानं मोजले. 'तीस हायत?'

'तीस.'

'ह्यो शेवटचा जरा मोडलाय?'

बघितलं. मोडला होता!

तेव्हा जी हसली म्हणता! भिंतीला टेकून हसली. मग तोच गठ्ठा माझ्या पाठीत घातला. 'येड्या, दोन वर्सं लावलीस आणि चौकोन आणलंस व्हय? डोळं चांगलं हायत माझं. तुझंच कायतरी चुकलंय!'

हेही ऐकलं. घरच्याच माणसाकडून.

मी काय केलं? लाज वाटली हो. चुकीचा कागद मागं ठेवायचा नाही, ही सवय. निघताना तो गठ्ठा उचलला, घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या बंबात घातला. रीतसर नष्ट केला. पाणी कडकडीत तापलं. नागसेनला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'बाबा, अठ्ठ्याण्णववर छापलं असणार त्यांनी! सिस्टीम...' मी म्हटलं, चांगली आहे, कळलं, पुढं बोल. त्यानं पुण्यातच छापून, स्वतः एकेक पान तपासून, बांधून पाठवलं. खरं मराठी. मोठ्ठं. स्वच्छ. एकशे बेचाळीस पानं. ते आक्काला नेऊन दिलं आणि आठ दिवसांनी परत गेलो.

आक्कानं वाचलं होतं. खरंखुरं, स्वतःच्या डोळ्यानं, बोट फिरवून. बदल्या वाचल्या. कालबद्ध पदोन्नती वाचली. गारगोटी उपविभागातील दप्तर-सुधारणा, त्याची सतरा पानं, तीही वाचली. आणि पान तीनवर खूण म्हणून शेणीतल्या काडीचा तुकडा घातला होता. तिथं ओळ होती, 'माझ्या प्राथमिक शिक्षणकामी थोरल्या भगिनीचे मोलाचे सहकार्य लाभले.' एकशे बेचाळीस पानांत तिच्यावर तेवढी ओळ. मी आत्तापर्यंत मोजली नव्हती.

'कसं वाटलं आक्का?'

'बेस हाय. ठसठशीत हाय.' मग चष्मा काढून पुसला. 'खरं सांगू का? आधीचंच बरं हुतं की रं.'

मी म्हटलं, 'आक्का, मग तेच घालू पुस्तकात. तू परत सांग, मी लिहून घेतो.' वही काढली, पेन काढलं. अहो, त्या दिवशी तासभर समोर बसलो होतो आणि एका ओळीची नोंद घेतली नव्हती! जन्मभर साहेबांच्या शिंकेची नोंद घेतली आणि हे सोडून दिलं!

तर ती काय म्हणते? 'मला कुठं पाठ हाय? त्या कागदावर हुतं. त्यो कागद आण, वाचून दावते.'

'आक्का, तो जाळला.'

'मग दुसरा आण.'

कोरा कागद दिला. 'कोऱ्यावर काय वाचू? येडी समजतुयास व्हय मला?' घरी येऊन पट्टी घेतली आणि स्वतः चौकोन काढले, एका ओळीत तीस, शेवटचा मोडका. नेऊन दाखवले. एका नजरेत परत केले. 'हे तुझं अक्षर हाय. ह्यात परत तुझ्या बदल्याच असत्याल. मला त्यातलं पायजे, कॉम्प्युटरातलं.'

आता दीड वर्ष झालं, मी कोल्हापुरात हिंडतोय. स्टँडजवळच्या बाईंकडे गेलो, त्यांनी अठ्ठ्याण्णव काढून एक्सपी घातली. माझाही घरचा बंद पडला. बाळासोकडे गेलो, सीडी दिली, म्हटलं छाप. त्यानं उघडली. मराठी! स्वच्छ! पाय धड! 'बघा काका, म्हटलं हुतं न्हवं? सिस्टीम चांगली हाय!' म्हटलं, चौकोन नाही का दिसत? म्हणाला, 'आता न्हाय दिसायचं, सगळं सुधारलं की!' कृष्णातकडे गेलो, चपला काढल्या, हात धुतले. मॅकवर मराठी! नागसेनला विचारलं, तो अभिमानानं म्हणाला, 'बाबा, आता कुठंही न्या, जगात कुठंही, मराठीच दिसणार.' त्याला काय बोलू? त्यानं आत्यासाठीच केलं ना सगळं!

आणि आक्काचा फोन दर पंधरा दिवसांनी. 'गुंड्या, मिळाला का कागद? उजव्यानं अजून दिसतंय बघ. लवकर आण.'

तेव्हा तुमच्यापैकी कुणाकडे जुना कॉम्प्युटर पडून असेल, माळ्यावर, खाटेखाली, ज्याच्यावर आपलं मराठी दिसत नाही, नुसते चौकोन येतात... नाही? तुमच्याकडेही दिसतं? सगळ्यांकडेच? दिसणारच हो. सिस्टीम चांगली आहे. माझंच काहीतरी चुकलं.